‘कम ट्रू’ की ‘केम ट्रू’? आधी ‘झालं’ की ‘झालेलं’ ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं उत्तर इतर कुणी वाचलं तरी कळेल. आईवडिलांनी घणसोलीत भाड्याच्या खोल्यांमध्ये 26 वर्षं काढली. सिडकोच्या सोडतीत तळोज्याला घर लागलं, मागच्या महिन्यात ताबा मिळाला. चावी हातात धरलेल्या आईचा फोटो तुम्ही ऑफिसच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, ‘अवर ड्रीम इज केम ट्रू’. एका सहकाऱ्याने लगेच दुरुस्ती केली, ‘केम नाही, कम’. दुसरा म्हणाला, घर मिळालं, गोष्ट घडून गेली, मग भूतकाळच हवा, ‘केम’ बरोबर आहे. दोघांची जुंपली, कुणीतरी हसरे चेहरे टाकले आणि तुम्ही फोटोच काढून टाकलात. आता वास्तुशांतीचं इंग्रजी निमंत्रण ऑफिसात पाठवायचंय, शिवाय पेढे वाटताना दोन मिनिटं बोलायचंय. तुम्हाला विचारायचंय की बरोबर काय, आणि घडून गेलेल्या गोष्टीला ‘कम’ कसं चालतं.

घराबद्दल मनापासून अभिनंदन. आणि तो फोटो परत टाका.

मी ठाण्यात, नौपाड्यात, 22 वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नर्सेस, बँकेतली मंडळी, दुकानदार, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-महाप्याला नोकरीला जाणारी मुलं, बहुतेक सगळे मराठी माध्यमातले. या एका शब्दसमूहावर अडखळलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्यावर आता एक पूर्ण तास घेते. तो लागतो तेव्हा माणूस नेमका आनंदात असतो. घर, नोकरी, मुलीची मेडिकलची ॲडमिशन, निवृत्तीचं भाषण. अशा वेळी कुणी चूक काढली की ती फार लागते, आणि पुढच्या वेळी माणूस इंग्रजीत आनंद सांगायलाच कचरतो. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देते.

तुमच्या ग्रुपवरचा वाद ‘कम’ की ‘केम’ असा रंगला, पण अडचण तिथे नव्हतीच. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. ‘अवर ड्रीम केम ट्रू’ हे शुद्ध इंग्रजी आहे. ‘इट इज अ ड्रीम कम ट्रू’ हेही शुद्ध इंग्रजी आहे. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, वेगळ्या बांधणीची. तुमच्या मनात ती दोन्ही एकदम आली आणि एकमेकांत मिसळली: सुरुवात एकीची, ‘इज’ दुसरीचा, ‘केम’ परत पहिलीचा. त्यामुळे पहिल्या सहकाऱ्याचं ऐकून नुसतं ‘केम’ खोडून ‘कम’ केलं असतंत तरी ‘अवर ड्रीम इज कम ट्रू’ असंच काहीतरी राहिलं असतं, आणि तेही आजच्या इंग्रजीत चालत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ती समजायला इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लागत नाही, मराठी पुरते.

वर्गात मी फळ्यावर दोन ओळी लिहिते. वरती ‘आंबा पिकला.’ खाली ‘पिकलेला आंबा’. आणि विचारते, यातली बातमी कुठली? सगळे म्हणतात, पहिली. मग दुसरी काय आहे? इथे थोडा वेळ शांतता असते. एकदा बालवाडीत सेविका असलेल्या एक ताई मागच्या बाकावरून म्हणाल्या, ‘मॅडम, दुसऱ्यात नुसता आंबाच हातात दिलाय. त्याचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही.’ मी त्यांचं ते वाक्य तेव्हापासून दर बॅचला सांगते. ‘पिकला’ हे क्रियापद आहे, ते वाक्य पुरं करतं. ‘पिकलेला’ हे आंब्याचं विशेषण आहे. शाळेत त्याला धातुसाधित विशेषण म्हणायचो. ते आंब्याला चिकटून येतं, आणि वाक्य पुरं व्हायला अजून एक क्रियापद लागतं: पिकलेला आंबा पडला, पिकलेला आंबा गोड आहे.

आता आंब्याच्या जागी स्वप्न ठेवा. ‘स्वप्न खरं झालं.’ ही बातमी. ‘खरं झालेलं स्वप्न’. हे नुसतं हातात दिलेलं स्वप्न.

‘स्वप्न खरं झालं’ म्हणजे ‘द ड्रीम केम ट्रू’. ‘खरं झालेलं स्वप्न’ म्हणजे ‘अ ड्रीम कम ट्रू’. बस, एवढंच आहे. तुम्हाला मराठीत ‘झालं’ म्हणायचंय की ‘झालेलं’, हे आधी मनाशी ठरवा. इंग्रजी शब्द आपोआप ठरतो.

मग तुमचा मूळ प्रश्न, घडून गेलेल्या गोष्टीला ‘कम’ कसं? कारण हा ‘कम’ वर्तमानकाळातला नाहीच. आपण शाळेत क्रियापदाची तीन रूपं घोकली, ‘गो, वेंट, गॉन’, ‘राइट, रोट, रिटन’. त्याच तक्त्यात ‘कम, केम, कम’ होतं. तिसरं रूप पहिल्यासारखंच असल्यामुळे ते आपल्या लक्षात वेगळं राहिलं नाही. डोळ्यांना पहिला ‘कम’ दिसतो, प्रत्यक्षात तिथे तिसरा बसलेला असतो. ‘बिकम’ आणि ‘रन’ यांचंही असंच आहे, पहिलं आणि तिसरं रूप सारखं. हे तिसरं रूप म्हणजे आपलं ‘-लेला, -लेली, -लेलं’. ‘रिटन’ म्हणजे लिहिलेलं, ‘ब्रोकन’ म्हणजे मोडलेलं, आणि तिसरा ‘कम’ म्हणजे आलेलं किंवा झालेलं.

पटत नसेल तर एक पडताळा घ्या. ‘वडिलांनी लिहिलेलं पत्र’ याला तुम्ही इंग्रजीत काय म्हणाल? ‘अ लेटर रिटन बाय माय फादर’. तिथे ‘अ लेटर रोट बाय माय फादर’ असं तुमच्या तोंडून येणारच नाही, पत्र कितीही वर्षांपूर्वीचं असो. ‘रोट’ आणि ‘रिटन’ कानाला वेगळे लागतात म्हणून तिथे गोंधळ होत नाही. ‘अ ड्रीम कम ट्रू’ची बांधणी नेमकी तीच आहे.

यात एक गोष्ट मात्र मराठीपेक्षा उलटी आहे आणि ती लोकांना खटकते. मराठीत ‘-लेलं’ नेहमी नामाच्या आधी येतं: पिकलेला आंबा, वडिलांनी लिहिलेलं पत्र, खरं झालेलं स्वप्न. इंग्रजीत ते एकटं असेल तर सहसा आधी येतं, ‘बॉइल्ड एग’, ‘ब्रोकन ग्लास’. पण त्याला शेपूट जोडलेलं असेल तर ते शेपटासकट नामाच्या मागे जातं. ‘बाय माय फादर’ हे ‘रिटन’चं शेपूट. ‘ट्रू’ हे ‘कम’चं शेपूट. म्हणून ‘कम ट्रू’ ही जोडी ‘ड्रीम’च्या मागे जाऊन बसते, आणि मागे बसल्यामुळेच ती क्रियापदासारखी दिसते. आपली सवय अशी की नाम आलं, त्यानंतर शब्द आला, म्हणजे ते क्रियापदच असणार. तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याला ‘केम’ हवासा वाटला तो यामुळेच.

आता त्या ‘इज’कडे येऊ. तो तुमच्या वाक्यात कुठून आला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तो फक्त याच वाक्यात येत नाही. तुमच्या मनातलं मराठी वाक्य बहुधा असं होतं: ‘आमचं स्वप्न खरं झालं आहे.’ शेवटचा ‘आहे’ इंग्रजीत उतरला आणि ‘इज’ झाला. मराठीत पूर्ण वर्तमानकाळ ‘असणे’ने होतो. मी आले आहे, गाडी गेली आहे, जेवण झालं आहे. इंग्रजीत तिथे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागतो, आणि त्या ‘हॅव’ला मराठीत सरळ जोडीदारच नाही. आपण ‘माझ्याकडे आहे’, ‘मला आहे’ अशी सोय करतो. म्हणून मराठी माणूस घाईत बोलताना ‘आहे’ तिथे ‘इज’ घालतो. ‘द ट्रेन इज केम’, ‘द पार्सल इज केम’ ही त्याचीच भावंडं. रोज ऐकते.

यात तुमची बुद्धी कमी पडली असं समजू नका. इंग्रजी स्वतः एके काळी येण्या-जाण्याच्या क्रियापदांना ‘इज’च लावत असे. 1611 साली छापलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘द अवर इज कम’ असं आहे, म्हणजे ‘वेळ आली आहे’, शब्दाला शब्द आपल्यासारखं. ‘शी इज गॉन’ त्यातूनच आजवर टिकून राहिलंय. फ्रेंच आणि जर्मन भाषांत तर ‘तो आला आहे’ला अजूनही ‘असणे’चंच रूप लागतं. इंग्रजीने हळूहळू सगळीकडे ‘हॅव’ बसवला. मराठीत तो बदल झाला नाही, एवढाच फरक आहे. पण आज लिहिताना आजचं इंग्रजी लिहायचं, म्हणून ‘अवर ड्रीम हॅज कम ट्रू’. इथेही ‘हॅज’नंतर तिसराच ‘कम’ आहे हे बघा. ‘हॅज केम’ कधीच नाही.

मग ‘अवर ड्रीम केम ट्रू’ कधी आणि ‘अवर ड्रीम हॅज कम ट्रू’ कधी? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. मराठीत ‘झालं’ आणि ‘झालं आहे’ यांत आपण सैलपणे निवड करतो, इंग्रजीत थोडी काटेकोर आहे. कधी झालं ते वाक्यात सांगितलंत, तारीख, साल, ‘लास्ट मंथ’, तर ‘केम’. वेळ सांगितली नाही आणि त्या गोष्टीचा आनंद आत्ता वाटून घ्यायचाय, तर ‘हॅज कम’. आपल्या भागातलीच दोन उदाहरणं घेते. पहिली रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली. तारीख आहे, म्हणून ‘द ट्रेन केम टू ठाणे इन 1853’. इथे ‘हॅज कम’ लावताच येणार नाही. नवी मुंबईच्या मेट्रोबद्दल मात्र दोन्ही प्रकारे बोलता येतं: ‘द मेट्रो केम टू नवी मुंबई इन 2023’, किंवा साल न सांगता, आता प्रवास सोपा झाला या अर्थाने, ‘द मेट्रो हॅज कम टू नवी मुंबई’. तुमच्या घराचंही तेच. ‘अवर ड्रीम केम ट्रू लास्ट मंथ’ किंवा ‘अवर ड्रीम हॅज फायनली कम ट्रू’. ‘हॅज कम ट्रू लास्ट मंथ’ मात्र नको. अमेरिकन माणसं ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ असे शब्द असताना ‘हॅज’ गाळून साधा भूतकाळ वापरतात, तेव्हा तुमच्या ऑफिसात तिकडचे लोक असतील आणि ते वेगळं बोलताना दिसले तर गोंधळू नका.

‘माय ड्रीम’ किंवा ‘अवर ड्रीम’ने वाक्य सुरू केलंत की ते स्वप्नच कर्ता होतं आणि त्याला स्वतःचं क्रियापद लागतं: ‘केम’ किंवा ‘हॅज कम’. ‘इट इज’, ‘धिस हाउस इज’, ‘इट फील्स लाइक’ असं काही आधी येऊन गेलं असेल तर क्रियापद मिळून गेलंय, आता स्वप्न नुसतं हातात द्यायचंय, म्हणून ‘अ ड्रीम कम ट्रू’. ‘धिस हाउस इज माय मदर्स ड्रीम कम ट्रू’ हेही बरोबर, कारण क्रियापद ‘इज’ घराचं आहे. काळ बदलला तरी या दुसऱ्या बांधणीतला ‘कम’ हलत नाही: ‘इट वॉज अ ड्रीम कम ट्रू’, ‘इट विल बी अ ड्रीम कम ट्रू’. मराठीतसुद्धा ‘खरं झालेलं स्वप्न होतं’, ‘खरं झालेलं स्वप्न असेल’. ‘झालेलं’ कुठे बदलतं?

वर्तमानपत्रात ‘ड्रीम कम्स ट्रू’ दिसतं, त्याचं काय, हा प्रश्न दर बॅचला येतो. इंग्रजी मथळे ताज्या बातमीलाही वर्तमानकाळ वापरतात, तो मथळ्यांचा रिवाज आहे. मथळ्याखाली बातमी वाचलीत तर तिथे ‘केम’ किंवा ‘हॅज कम’ असतं. पत्रात किंवा भाषणात मथळ्याचं इंग्रजी आणू नये.

दोन शेजारच्या चुका. ‘मी स्वप्न पूर्ण केलं’ म्हणायचं असेल तर ‘आय केम ट्रू माय ड्रीम’ होत नाही. ‘कम ट्रू’ हे ‘होणे’च्या बाजूचं आहे, ‘करणे’च्या नाही. करायचं असेल तर ‘फुलफिल’ किंवा ‘रिअलाइझ’ घ्या, नाहीतर ‘मेक’ची मदत घ्या: ‘माय पेरेंट्स मेड इट कम ट्रू’. इथला ‘कम’ मात्र पहिला, साधा ‘कम’ आहे, कारण काळ सांगायचं काम ‘मेड’ने केलंय. ‘अचीव्ह’ हा शब्द आपण सगळीकडे वापरतो, पण तो ‘गोल’ आणि ‘टार्गेट’बरोबर जास्त शोभतो. ध्येय गाठायचं असतं, स्वप्न पुरं व्हायचं असतं, हा फरक मराठीतही आहेच की.

दुसरी चूक मला जास्त छळते, कारण ती व्याकरणाची चूक वाटतच नाही. माझी एक विद्यार्थिनी, नर्स, परदेशातल्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीला बसली होती. लहानपणापासून हे स्वप्न पाहिलंय, हे तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, ‘आय सॉ अ ड्रीम इन माय चाइल्डहुड’. समोरच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, काय दिसलं होतं स्वप्नात? आणि ही गप्प झाली. संध्याकाळी वर्गात येऊन म्हणाली, ‘मॅडम, त्यांना वाटलं मला झोपेत पडलेलं स्वप्न सांगायचंय.’ मराठीत आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं आहेत. झोपेत स्वप्न पडतं, जागेपणी आपण स्वप्न पाहतो. इंग्रजीत स्वप्न ‘सी’ करत नाहीत. ‘हॅव अ ड्रीम’ म्हणतात, आणि मनात बाळगलेल्या इच्छेसाठी ‘ड्रीम ऑफ’ म्हणतात. ‘आय हॅव ऑलवेज ड्रेम्ट ऑफ वर्किंग ॲज अ नर्स.’ तुम्हाला भाषणात हे नक्की लागेल: ‘माय मदर ऑलवेज ड्रेम्ट ऑफ ओनिंग अ होम’. ‘ड्रेम्ट’ऐवजी ‘ड्रीम्ड’ही चालतं, आणि ‘ऑफ’नंतर ‘ओनिंग’ हवं, ‘टू ओन’ नाही.

अर्थाबद्दल एक बारीक गोष्ट. मराठीत स्वप्न ‘साकार होतं’, ‘पूर्ण होतं’, पण भीती किंवा भाकीत ‘खरं ठरतं’. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘कम ट्रू’ लागतं. ‘हर वर्स्ट फिअर्स केम ट्रू’, ‘अ नाइटमेअर कम ट्रू’ असंही लिहितात. म्हणजे आनंद ‘कम ट्रू’मध्ये नाही, ‘ड्रीम’मध्ये आहे. वाचताना हे ठाऊक असलं की दचकायला होत नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या अनुभवातून सांगावंसं वाटतं ते. हा शब्दसमूह कुठे वापरावा आणि कुठे नाही, हे व्याकरणाइतकंच महत्त्वाचं आहे. नोकरीच्या अर्जात ‘इट विल बी अ ड्रीम कम ट्रू टू वर्क इन युअर कंपनी’ असं लिहून आणणाऱ्यांना मी ते वाक्य काढायला लावते. वाचणाऱ्याने ते त्या दिवसात दहा अर्जांत वाचलेलं असतं आणि त्यातून तुमच्याबद्दल त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी तुम्ही कोणतं काम केलंय, इथे कोणतं करू शकता, ते लिहावं. घोडबंदर रोडने गेलात तर इमारतींच्या प्रत्येक दुसऱ्या होर्डिंगवर स्वप्नांचं घर असतं, त्यामुळे हे शब्द झिजले आहेत, हेही खरं. पण झिजलेले शब्द टाकून द्यावेत असं माझं मत नाही. 26 वर्षं दर अकरा महिन्यांनी करार बदलणाऱ्या आणि घरमालकाच्या फोनला धसकणाऱ्या माणसाने घराला स्वप्न म्हटलं तर त्याला तो हक्क आहे. फक्त त्या शब्दांच्या शेजारी तुमच्याच घरातली एखादी खरी गोष्ट ठेवा. मग ते वाक्य होर्डिंगवरचं राहत नाही.

निवृत्त होणारे एक गृहस्थ माझ्याकडे निरोपाचं भाषण तपासायला आले होते. कागदाची चौकोनी घडी, चार ओळी निळ्या शाईने. मुलगी इंजिनीयर झाली हे त्यांना सांगायचं होतं. सगळं ‘ड्रीम’, ‘ड्रीम’, ‘ड्रीम’ होतं. मी विचारलं, तुम्ही तिच्यासाठी नक्की काय केलंत? ते म्हणाले, काही नाही हो, ती अभ्यास करायची तेव्हा मी आठ वर्षं बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला नाही. ती एक ओळ आम्ही भाषणात घातली, तिच्यानंतर ‘इट इज अ ड्रीम कम ट्रू’ एकदाच ठेवलं, बाकीचे दोन काढले. ते मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज टीव्हीच्या ओळीवर भरून आला.

तुमच्याकडे अशी ओळ असणारच. चावी हातात आल्यावर आई काय म्हणाली? पहिल्या दिवशी रिकाम्या घरात तिने काय नेलं? ते मला माहीत नाही, तुम्हाला आहे. ते मराठीतच म्हणाली असेल तर फोटोखाली तिचे शब्द मराठीत लिहा आणि त्याखाली इंग्रजी ओळ द्या. ऑफिसातल्या अमराठी मंडळींना अर्थ कळेल आणि शब्द आईचे राहतील.

फोटोसाठी मी असं सुचवीन: ‘आफ्टर ट्वेंटी-सिक्स इयर्स इन रेंटेड रूम्स, माय पेरेंट्स हॅव अ होम ऑफ देअर ओन. फॉर अस, इट इज अ ड्रीम कम ट्रू.’ ‘फॉर अस’ म्हणा, ‘टू अस’ नको. भाषणात पहिली बांधणी घ्या, ती बोलायला सोपी जाते: ‘माय मदर ऑलवेज ड्रेम्ट ऑफ ओनिंग अ होम. लास्ट मंथ, हर ड्रीम केम ट्रू.’ ‘लास्ट मंथ’ आहे म्हणून ‘केम’, हे आता तुम्हीच सांगू शकाल. दोन्ही वाक्यं घरी चार वेळा मोठ्याने म्हणा. बोलताना चुकून ‘इज केम’ निघालं तर थांबून माफी मागू नका, पुढे जा.

निमंत्रणात मात्र ‘ड्रीम’ घालू नका. वास्तुशांती हा मराठीतलाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, त्याचं ‘हाउसवॉर्मिंग पार्टी’ करू नका. पूजा आहे, जेवण आहे, सगळ्यांना कळतं. ‘वी इन्व्हाइट यू टू द वास्तुशांती ऑफ अवर न्यू होम’, मग वार, वेळ, पत्ता. आणि ऐरोलीहून येणाऱ्यांना रस्ता सांगा, कारण तळोजा म्हटलं की लोक लांब म्हणून टाळतात: पनवेलची लोकल पकडून बेलापूर, तिथून मेट्रो, शेवटचं स्टेशन पेंढर. तिथून घरापर्यंत रिक्षाला किती मिनिटं लागतात तेही लिहा.